जपानमधली जुनी लाकडी घरं (कोमिन्का) घेणं, दुरुस्त करणं, वापरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानात जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात माझा रोजचा वावर असतो, त्यामुळे "जपानात पाच लाखात बंगला" टाइपचं एखादं रील फिरायला लागलं की मेसेजेसचा पाऊस पडतो. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवलीयत. सगळं वाचायचं नसेल तर निदान ४, ६ आणि ११ वाचा, कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात.

१. कोमिन्का म्हणजे नक्की कुठलं घर? किती जुनं असलं की कोमिन्का म्हणायचं?

कायद्यात याची व्याख्याच नाहीये. बोलताना लोक साधारण १९५० च्या आधीचं घर धरतात, कारण त्या वर्षी जपानचा बिल्डिंग स्टँडर्ड कायदा आला आणि नंतर घरं बांधायची पद्धतच हळूहळू बदलत गेली. काही जण ५० वर्षं झाली की कोमिन्का म्हणून मोकळे होतात. माझं म्हणणं, वय नंतर बघा, आधी बांधणी बघा. दगडांवर उभे केलेले जाड खांब, खांबांच्या आरपार गेलेल्या आडव्या पट्ट्या (त्यांना नुकी म्हणतात), बांबूच्या कामट्यांवर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर कौलं नाहीतर गवत, आत मातीची जमीन असलेला दोमा आणि बाहेरच्या बाजूला लाकडी पडवी म्हणजे एन्गावा. यात छपराचा सगळा भार खांब आणि तुळयांवर असतो. १९७० च्या आसपासचं प्लायवूड लावलेलं घर एजंटने जाहिरातीत कोमिन्का म्हणून टाकलं तरी ते कोमिन्का नाही.

२. आकिया आणि कोमिन्का एकच ना?

नाही. आकिया म्हणजे कुठलंही रिकामं घर, त्यात टोकियोतला रिकामा फ्लॅटसुद्धा आला. २०२३ च्या सरकारी सर्व्हेप्रमाणे जपानात अशी जवळपास ९० लाख घरं आहेत, एकूण घरांच्या १३.८ टक्के. पण त्यातली बरीचशी भाड्याला किंवा विकायला ठेवलेली आहेत. ज्यांना खरंच कोणी वाली नाही, म्हणजे ना भाड्याला, ना विक्रीला, ना सुट्टीत राहायला, अशी साधारण ३८ लाख. कोमिन्का त्यातला एक छोटा भाग. नगरपालिकांच्या "आकिया बँक" नावाच्या वेबसाइट्स असतात तिथे दोन्ही एकत्रच दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो.

३. इतकी सुंदर घरं इतक्या कमी किमतीत कशी काय? काहीतरी गडबड असणार ना?

गडबड नाही पण कारणं भरपूर आहेत. पोरं नोकरीला टोकियो-ओसाकाला गेली, आईवडील वारले, घर मागे राहिलं. टॅक्सच्या हिशोबात राहत्या लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात, म्हणजे शंभर वर्षांच्या घराची बँकेच्या लेखी किंमत शून्य, उरते फक्त जमीन, आणि खेड्यातल्या जमिनीला गिऱ्हाईक नाही. मग लोक पाडत का नाहीत? कारण जमिनीवर घर उभं असेल तर २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा टॅक्स एक षष्ठांश रकमेवरच बसतो, घर पाडलं की ती सवलत गेली, वर पाडायचा खर्च वेगळा. त्यामुळे वर्षानुवर्षं घरं तशीच कुलूपबंद. २०१४ ला रिकाम्या घरांचा खास कायदा झाला आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर नुसतं नीट न सांभाळलेलं घर असलं तरी नगरपालिकेने शिफारस केली की ही सवलत जाऊ शकते, म्हणून आता मालक विकायला जरा तयार व्हायला लागलेत.

आणखी एक भानगड म्हणजे घर अजून पणजोबांच्या नावावर असतं आणि वारस जपानभर पांगलेले असतात, सगळ्यांच्या सह्या लागतात. १ एप्रिल २०२४ पासून वारसाची नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं झालंय, नाही केली तर एक लाख येनपर्यंत दंड. विकणाऱ्याच्या नावावर नोंद झाल्याशिवाय एक येनसुद्धा देऊ नका.

४. भूकंपात ही घरं टिकतात का? कोणी म्हणतं एकदम सेफ, कोणी म्हणतं मृत्यूचा सापळा.

याला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंनी खरं काय आहे ते सांगतो.

चांगली बाजू ही की जुनी बांधणी भूकंपाला ताठ राहून अडवत नाही, हलून जिरवते. नुकीच्या पट्ट्या खांबात पाचरी मारून बसवलेल्या असतात, घर डोललं की लाकूड लाकडावर दाबलं जातं, मातीची भिंत तडकते, माती गळते, आणि त्यात धक्क्याचा जोर खर्च होतो. खांब दगडावर नुसते टेकलेले असतील तर मोठ्या धक्क्यात थोडे सरकतातही. ह्योगो प्रांतात मिकी इथे ई-डिफेन्स नावाचं प्रचंड मोठं हलतं टेबल आहे, त्यावर जुन्या पद्धतीची पूर्ण आकाराची घरं ठेवून चाचण्या झाल्यात, त्यामुळे ही नुसती ऐकीव गोष्ट नाहीये.

वाईट बाजू: हे सगळं घर धड असेल तरच. खांबाचं बूड कुजलेलं, वाळवीने पोखरलेलं, मधल्या काळात कोणीतरी हॉल मोठा करायला खांब काढलेला, आणि वर मातीच्या थरावर बसवलेली जड कौलं, असं घर पहिल्या मोठ्या धक्क्यात बसतं. १ जानेवारी २०२४ ला इशिकावा प्रांतातल्या नोतोमध्ये ७.६ चा भूकंप झाला, तिथे तपासलेल्या भागात १९८१ च्या आधीच्या लाकडी इमारतींपैकी साधारण १९ टक्के पूर्ण कोसळल्या, १९८१ ते २००० मधल्या ५ टक्क्यांच्या आसपास, आणि २००० नंतरच्या १ टक्क्याहूनही कमी. १९८१ आणि २००० ही भूकंपाचे नियम कडक झाले ती वर्षं. म्हणजे जुनं घर आहे तसं राहायला घेणं हा धोकाच आहे आणि ते मी तोंडावर सांगतो.

उपाय आहेत. छपरावरची माती काढून हलकी कौलं बसवणं, कुजलेले खांब दुरुस्त करणं (प्रश्न ७), काढलेले खांब-भिंती परत घालणं. पण एक काळजी घ्या: डोलणाऱ्या घराच्या एकाच कोपऱ्यात प्लायवूड आणि लोखंडी पट्ट्या मारून तो कोपरा ताठ केला तर सगळा जोर तिथेच जातो आणि घर पिळवटतं. म्हणून जुन्या बांधणीचा हिशोब येणारा इंजिनिअरच शोधा, या घरांसाठी वेगळी गणित-पद्धत आहे, २००० पासून नियमात बसते. १९८१ च्या आधीच्या घराच्या भूकंप-तपासणीला बहुतेक नगरपालिका सबसिडी देतात, आधी ती मागा.

५. एकही खिळा न वापरता बांधतात हे खरं आहे का?

मुख्य सांगाड्यात बहुतेक खरं: सांधे, खोबणी, खुंट्या आणि पाचरी. पण जमिनीच्या फळ्या, छपराखालच्या रिपा वगैरेंना खिळे असतातच. शिराकावा-गो या डोंगरातल्या गावच्या गाशो घरांत (उंच, उतरत्या गवती छपरांची घरं) तर छपराचे वासे दोरखंडाने आणि हिरव्या फांद्यांनी बांधलेले असतात, फांदी सुकली की गाठ आणखी आवळते. खिळे नसण्याचा खरा फायदा हा की सांगाडा उलट्या क्रमाने सोडवता येतो. प्रश्न ७ आणि २२ मध्ये त्याचाच उपयोग आहे.

६. घर बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? मला बांधकामातलं काही कळत नाही.

पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय एवढंच शोधा, बाकी सगळं त्यातून कळतं. शक्यतो पावसात किंवा पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. आधी लांब उभं राहून छपराची आढ्याची रेघ बघा, मधे झोळ पडलाय का. मग आत जाऊन छताची एखादी फळी सरकवून माळ्यावर टॉर्च मारा, काळ्या काजळी धरलेल्या तुळयांवर पांढरट ओघळ दिसले की तिथे गळती, आणि ओघळ सुकलेला आहे का ओला ते हात लावून बघा. चिमण्या-सापांचा मुक्काम असेल तर दचकू नका.

त्यानंतर खाली. तातामी (जमिनीवर अंथरलेल्या जाड चटया) उचलायला लावा, खालच्या फळ्या उचला आणि जमिनीखाली वाकून बघा. जुन्या घरांना खाली काँक्रीट नसतं, मोकळी हवा खेळते, तेच त्यांचं औषध. पण मधल्या काळात कोणी बाथरूम आत आणून टाइल्स लावल्या असतील तर हमखास तिथलेच खांब कुजलेले सापडतात. जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि मालकाला विचारून प्रत्येक खांबाच्या बुडाला टोचून बघा, धड लाकडात टोक शिरत नाही, कुजलेल्यात आरामात आत जातं. उत्तरेकडचे, डोंगराच्या बाजूचे आणि न्हाणीघराजवळचे खांब आधी.

एक बादली पाणी मागून अंगणात ओता आणि ते घराकडे वाहतंय का घरापासून लांब ते बघा. डोंगरउतारावरच्या घरांत मागचा पाण्याचा चर बुजलेला असतो, आणि घर कुजायला तिथून सुरुवात होते. छप्पर आणि चर, या दोन गोष्टी धड असलेलं घर बाकी कितीही भयंकर दिसलं तरी मी त्याला चांगलं घर म्हणतो.

टॉयलेटचंही विचारून घ्या. खेड्यात अजून खड्ड्याचे संडास असतात, गाडी येऊन उपसून नेते. गटार नसेल तर जोकासो नावाची सांडपाणी शुद्ध करणारी टाकी बसवावी लागते. हद्दीची मोजणी झालीय का तेही विचारा, खूपदा झालेली नसते.

७. खांबाला वाळवी लागलीय, खालून कुजलाय. आता पाडण्याशिवाय पर्याय नाही असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो.

दुसरा सुतार बघा. खालून कुजलेला खांब पूर्ण बदलावा लागत नाही, फक्त बूड बदलतात, त्याला नेत्सुगी म्हणतात आणि जुन्या घरांत ही अगदी नेहमीची दुरुस्ती आहे.

काम असं चालतं: तुळईखाली जॅक लावून घर काही मिलिमीटर उचलतात. खांबाचा कुजलेला भाग धड लाकूड लागेपर्यंत कापतात. मग वरच्या जुन्या खांबाच्या टोकाला आणि खालच्या नव्या तुकड्याला सारख्याच पायऱ्यापायऱ्यांच्या आकारात कापून दोन्ही बाजूने सरकवून एकमेकांत अडकवतात आणि मधे उरलेल्या चौकोनी भोकात कठीण लाकडाची चावी ठोकतात. चावी आत गेली की दोन्ही तुकडे घट्ट आवळले जातात. याचं नाव कानावा-त्सुगी. खालचा दगड ओबडधोबड असतो, त्याच्या उंचसखलपणाची रेघ खांबाच्या बुडावर आखून सुतार लाकूड तसंच्या तसं कोरतो, मग खांब दगडावर असा बसतो की मधे कागद सरकवायला जागा राहत नाही. नवं लाकूड सुकलेलं हवं, आणि बुडासाठी चेस्टनट किंवा हिनोकीचा (जपानी सायप्रसचा) गाभा घेतात कारण तो कुजायला आणि वाळवीला दाद देत नाही.

हे काम येणारे हात कमी झालेत ही खरी अडचण. १९८० ला जपानात सुतार नऊ लाखांच्या वर होते, २०२० ला तीन लाखांच्या आसपास, आणि त्यातलेही बरेच फॅक्टरीत कापून आलेलं लाकूड जोडणारे. २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी बांधकामाच्या पारंपरिक कौशल्यांना वारसा यादीत घेतलं, सुतारकाम, गिलावा, शाकारणी, तातामी सगळं त्यात आहे, पण यादीने सुतार तयार होत नाहीत, कामं मिळाली तर होतात. तुम्ही तुमच्या घराला नेत्सुगी करून घेता तेव्हा एखादा शिकाऊ मुलगा ते काम बघत असतो, याचं मला फार मोल वाटतं.

८. गवताचं छप्पर ठेवता येईल का? का पत्राच टाकू?

आधी पत्र्याखाली बघा! बऱ्याच घरांवर वरून लाल-निळा पत्रा दिसतो आणि आत जुनं गवताचं छप्पर तसंच असतं, १९५०-६० नंतर शाकारणीला माणसं मिळेनात म्हणून वरून पत्रा चढवला. तो पत्रा धड असेल तर घाई करू नका, त्याने छप्पर वाचवलेलं असतं.

खरं गवत ठेवायचं तर ते साधारण २० ते ३० वर्षं टिकतं, तेही खाली इरोरी म्हणजे जमिनीतली चूल पेटत असेल तर. तिचा धूर वर जाऊन गवत सुकवतो, किडे पळवतो, दोरखंडांवर काजळीचा थर चढवतो. धूर बंद झाला की गवताचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून ज्याला गवत ठेवायचंय त्याने आठवड्यातून निदान थोडा वेळ तरी चूल पेटवावी, फक्त वीकेंडला येणाऱ्याने हा हट्ट धरू नये असं मला वाटतं.

पूर्वी हा खर्च गाव वाटून घ्यायचं, शिराकावा-गोमध्ये युई नावाची पद्धत होती, शे-दोनशे माणसं जमून एका दिवसात छपराची एक बाजू शाकारायची आणि पुढच्या वेळी दुसऱ्याचं घर. आता बहुतेक ठिकाणी पगारी कारागीर असतात आणि पूर्ण छप्पर म्हणजे मोठाच खर्च. वस्तीच्या बऱ्याच भागांत छपराला न पेटणारंच मटेरियल हवं असा नियम आहे, तिथे नवीन गवत घालता येत नाही, त्यामुळे नगरपालिकेत आधी विचारा. आगीची भीती खरीच आहे: शिराकावा-गोच्या ओगिमाची वस्तीत पन्नासहून जास्त पाण्याच्या तोफा बसवलेल्या आहेत आणि दर शरदात एकदम सुरू करून तपासतात.

९. हिवाळ्यात गोठून मरू का?

थंडी कडक असते, कबूल. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, सगळीकडून हवा. पूर्ण घर गरम करायच्या मागे लागू नका, दोन खोल्या निवडा, त्यांच्या जमिनीखाली आणि छतावर इन्सुलेशन टाका, जुन्या सरकत्या दारांच्या आतून दुसरी खिडकी लावा, बाथरूम गरम ठेवा कारण म्हाताऱ्या माणसांना गरम-थंडच्या झटक्याचा खरा धोका असतो. बाकीचं घर जसं आहे तसं राहू दे. फोम फवारून खांब-तुळया बंदिस्त करणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा, आत ओल अडकते आणि मग प्रश्न ७ पासून परत सुरुवात.

१०. एकूण खर्च किती येतो? सरळ आकडा सांगा.

घराची किंमत हा सगळ्यात छोटा आकडा असतो. जुलै २०२४ पासून ८० लाख येनपर्यंतच्या घराला एजंट टॅक्ससकट ३ लाख ३० हजार येनपर्यंत फी घेऊ शकतो, म्हणजे फुकटात मिळालेल्या घरालाही फी, नोंदणीचा टॅक्स, खरेदीचा टॅक्स आणि दरवर्षीचा प्रॉपर्टी टॅक्स आहेच. छप्पर, बुडं, पाणी, वीज, संडास, बाथरूम असं सगळं नीट करायचं तर मोठ्या घराचा खर्च एक कोटी येनच्या वर सहज जातो. पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: छप्पर, पाण्याचा चर, खांबांची बुडं, मग संडास-बाथरूम, मग राहायच्या दोन खोल्या. किचनच्या सुंदर टाइल्स सगळ्यात शेवटी.

११. दुरुस्तीला परवानगी लागते का? २०२५ पासून काहीतरी बदललंय म्हणे.

हो, आणि हे नीट वाचा. १ एप्रिल २०२५ पासून दोन मजली लाकडी घराची "मोठी दुरुस्ती" करायची असेल तर काम सुरू करायच्या आधी प्लॅन मंजूर करून घ्यावा लागतो. मोठी दुरुस्ती म्हणजे भिंती, खांब, तुळया, जमीन, छप्पर, जिना यातल्या कुठल्याही एका मुख्य भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा. एक मजली आणि २०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला साधारणपणे ही अट लागू नाही. किचन-बाथरूम बदलणं, आतली सजावट यालाही नाही.

अडचण अशी की जुन्या घराचे कागदपत्र, नकाशे काहीच नसतात, मग आर्किटेक्टला सगळं मोजून सिद्ध करावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही जातं. म्हणून टप्प्याटप्प्याने, अर्ध्याच्या आतली दुरुस्ती बरेच जण करतात, पण टप्पे आधी आर्किटेक्टला दाखवून ठरवा, मनाने नको. विकत घ्यायच्या आधीच आर्किटेक्टला घरी न्या.

१२. "पुन्हा बांधता येणार नाही" असं जाहिरातीत लिहिलंय, म्हणजे काय?

कमीत कमी ४ मीटर रुंदीच्या रस्त्याला जमिनीची २ मीटर बाजू लागत नसेल तर घर पाडून तिथे नवीन बांधता येत नाही. म्हणून स्वस्त. दुरुस्ती करता येते, पण प्रश्न ११ ची मंजुरी लागणारं मोठं काम अशा जागी फार अवघड झालंय. भूकंपात घर गेलं तर हातात मोकळी जमीनच राहते. डोळे उघडे ठेवून घ्या.

१३. घराबरोबर भातशेतीपण आहे, घेऊ का?

जपानातही शेतजमीन सहज घेता येत नाही, स्थानिक शेती समितीची परवानगी लागते आणि तुम्ही खरंच शेती करणार हे दाखवावं लागतं. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो तसं नाहीये, आणि एप्रिल २०२३ पासून किमान क्षेत्राची अटही काढलीय, त्यामुळे घरामागचा छोटा तुकडा मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. पण शेत घेऊन पडीक ठेवणार असाल तर नको. शेजाऱ्याच्या पाटाचं पाणी तुमच्या शेतातून जात असतं.

१४. भारतात राहून घेता येईल का? घर घेतलं की व्हिसा मिळतो का?

घेता येतं, परदेशी माणसाला घर-जमीन घ्यायला सर्वसाधारण बंदी नाही. व्हिसा मात्र मिळत नाही, या एका गैरसमजावर लोकांनी आयुष्यभराची कमाई लावलेली मी पाहिलीय. भारतातून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत दर आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. जपानबाहेर राहणाऱ्या मालकाला टॅक्ससाठी जपानातला प्रतिनिधी नेमावा लागतो, एप्रिल २०२४ पासून मालकीच्या नोंदीत जपानातला संपर्कही द्यावा लागतो, आणि व्यवहाराचा रिपोर्ट बँक ऑफ जपानमार्फत देण्याचाही नियम आहे. जपानी बँकेचं लोन धरून चालू नका.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. वर्षातून एकदा दहा दिवस येणारा मालक या घराला वाचवत नाही. दारं उघडी राहिली, हवा खेळली, चर साफ झाला, कौल सरकलं ते त्याच आठवड्यात कोणाला दिसलं, तर घर टिकतं. तुम्ही नसाल तर गावात पगारी माणूस तरी हवा.

१५. होमस्टे करून खर्च निघेल का?

जून २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे साध्या नोंदणीवर वर्षाला १८० दिवसच पाहुणे ठेवता येतात. बारा महिने चालवायचं तर हॉटेलचं लायसन्स, त्याला आगीचे अलार्म वगैरेचे नियम, आणि त्या वापराची जागा २०० चौरस मीटरच्या वर असेल तर वापर बदलायचीही मंजुरी. होमस्टे काढून बिझनेस व्हिसा मिळवायचा प्लॅन असेल तर लक्षात घ्या, ऑक्टोबर २०२५ पासून त्याची भांडवलाची अट ५० लाखांवरून ३ कोटी येन झालीय.

चाललेली उदाहरणं आहेत. ह्योगो प्रांतात ताम्बा-सासायामातल्या मारुयामा नावाच्या अगदी छोट्या वस्तीत २००९ मध्ये गावकऱ्यांनीच रिकामी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. शिकोकू बेटावरच्या इया दरीत ओचिआई गावात डोंगराच्या कड्यावरची जुनी घरं मुक्कामाला मिळतात. दोन्हीकडे घरं एकटी नाहीत, जेवण, साफसफाई, शेती यात गावच सामील आहे. एकट्या घराचा होमस्टे मला तरी अवघड वाटतो.

१६. हेरिटेज म्हणून नोंद झाली तर एक खिळाही ठोकता येत नाही ना?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधी नोंद, १९९६ पासून, साधारण ५० वर्षांवरच्या इमारतींसाठी, अशा १३ हजारांहून जास्त इमारती नोंदल्या गेल्यात. यात बाहेरून दिसणाऱ्या भागाचा एक चतुर्थांशाहून जास्त हिस्सा बदलायचा असेल तर आधी कळवायचं, आत काहीही करा, वर इमारतीचा प्रॉपर्टी टॅक्स निम्मा. मला ही फार चांगली सोय वाटते. दुसरी म्हणजे आख्खी वस्ती संरक्षित, १९७५ च्या दुरुस्तीनंतर आलेली, त्सुमागो (नागानो प्रांतातलं जुन्या हमरस्त्यावरचं मुक्कामाचं गाव), शिराकावा-गो वगैरे पहिल्या खेपेत १९७६ ला निवडली गेली आणि आज १२० हून जास्त आहेत. तिथे बाहेरचं रूप बदलायला परवानगी लागते पण दुरुस्तीला मदतही मिळते. तिसरी राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू, तिथे खरोखर प्रत्येक गोष्टीला परवानगी.

त्सुमागोच्या लोकांनी सरकारच्याही आधी, १९७१ ला, आपसात ठरवलं होतं की घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. गावानेच ठरवलं म्हणून ते गाव आज उभं आहे.

१७. क्योतोतला माचिया घ्यायचाय, त्याला हेच सगळं लागू?

बांधणी सारखीच, प्रश्न वेगळे. माचिया म्हणजे शहरातलं दुकान-घर, रस्त्यावर अरुंद, आत लांबलचक, मधे छोटासा बागेचा चौक. शेजारची भिंत चिकटलेली, त्यामुळे दुरुस्ती शेजाऱ्याला विचारून. आगीचे नियम खूप कडक, पण क्योतो शहराने २०१२ पासून जुन्या लाकडी इमारतींना दुसऱ्या सुरक्षेच्या बदल्यात सूट द्यायची वाट काढलीय. २०१६ च्या मोजणीत ४० हजारांच्या आसपास माचिया उरले होते आणि रोज पाडले जात होते, म्हणून २०१७ ला नियम केला की निवडलेला माचिया पाडायचा तर एक वर्ष आधी कळवायचं, म्हणजे त्या वर्षात दुसरा कोणी घेणारा शोधता येतो. किमती खेड्यासारख्या मुळीच नाहीत.

१८. घरात जुन्या मालकाचं सगळं सामान आणि देव्हारापण आहे. टाकून देऊ?

थांबा. बुत्सुदान म्हणजे पूर्वजांचा देव्हारा, तो हलवण्याआधी भिक्षूला बोलावून विधी करतात, ते मालकाच्या कुटुंबाने करावं असं करारातच लिहून घ्या. गावात कुटुंबाचं स्मशान असेल तर त्याची वाट तुमच्या अंगणातून जाते का तेही विचारा. बाकी सामानात सरकती दारं, कोरलेल्या झडपा, तातामीखालचे जुने कागद, माळ्यावरच्या नावं-तारखा लिहिलेल्या फळ्या असतात. घर कधी बांधलं ते बऱ्याचदा त्या फळीवरच सापडतं! ट्रक बोलवायच्या आधी माळा स्वतः बघा.

१९. गावातले लोक स्वीकारतील का आपल्याला?

पहिल्या आठवड्यात आसपासच्या घरांना जाऊन भेटा, काहीतरी छोटं हातात घेऊन. गवत कापायला, पाट साफ करायला ठरलेल्या दिवशी सकाळी हजर राहा. जपानी मोडकं असलं तरी चालतं. त्या दिवशी न येणारा माणूस मात्र लोकांच्या लक्षात राहतो.

२०. आधी अशी घरं नुसती बघायची असतील तर?

टोकियोत राहणाऱ्यांनी शेजारच्या कावासाकीचं निहोन मिन्का-एन हे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय बघावं, १९६७ ला सुरू झालं, वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या दोन डझनांच्या आसपास जुन्या इमारती आहेत आणि आतल्या चुली खरंच पेटवतात. ताकायामात हिदा नो सातो, ताकामात्सूत शिकोकू मुरा. तिथे एक दिवस घालवलात की प्रश्न १ आणि ५ परत वाचायची गरज नाही.

२१. आमचा गावाकडचा वाडा पडायला आलाय, यातलं काही तिकडे चालेल?

क्रम तोच चालेल: छप्पर, पाणी, खांबांची बुडं. सागवानी खांबाचं बूडही असंच बदलता येतं. पण आपल्या वाड्यात जाड भिंतीही भार घेतात, त्यामुळे प्रश्न ४ मधलं भूकंपाचं गणित जसंच्या तसं लावू नका. आणि मातीच्या, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको, ओल आत कोंडते.

२२. सगळं करूनही घर वाचवण्यासारखं नसेल तर?

जेसीबी बोलवायच्या आधी दोन पर्याय. एक म्हणजे सांगाडा सोडवून दुसरीकडे उभारणं. प्रत्येक खांब-तुळईवर जागेचा नंबर लिहून पट्ट्या लावतात, पाचरी काढतात, वरून खाली उतरवत येतात. जुन्या खांबांवर बांधतानाच सुताराने शाईने लिहिलेले नंबर अजून सापडतात, तेच वापरले तरी चालतं. नवीन जागी मात्र आजचे भूकंपाचे सगळे नियम लागू होतात. दुसरं म्हणजे जुनं लाकूड विकणाऱ्यांना फोन करणं. शंभर वर्षं सुकलेली केयाकीची (एक कठीण जपानी लाकूड) तुळई, काजळीने काळे झालेले बांबू, जुनी कौलं, दारं यांना गिऱ्हाईक आहे, आणि तुमच्या खालच्या गल्लीतल्या घराच्या नेत्सुगीला नेमकं तेवढंच लाकूड हवं असतं. त्यांना पाडायच्या किमान महिनाभर आधी बोलवा, कारण हाताने उतरवायला वेळ लागतो आणि एकदा मशीन फिरलं की त्या लाकडाचा फक्त जळाऊ भाव येतो.